भाऊ जेलमध्ये आहे, अंगावर मार दिसतोय, जबाबदारी नक्की कोणाची?

सोलापूरकर_ताई

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच इथे लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २४, गेले अडीच महिने जिल्हा कारागृहात आहे. कुठलं ते लिहीत नाही, कारण समजून घ्या. गावच्या जत्रेत भांडण झालं त्यात सहा पोरांची नावं घातली, त्यात हा पण. पूर्वी ज्याला ३०७ म्हणायचे ते नवीन कायद्यातलं १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावलंय. त्यानं केलं की नाही हा विषय इथे नको, ते कोर्ट बघेल.

त्याला लहानपणापासून आकडी येते. सकाळ-संध्याकाळ गोळी असते, चुकली की दोन-तीन दिवसांत फिट येते हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. मी दोनदा गोळ्या घेऊन गेले, दोन्ही वेळा गेटवरून परत पाठवलं, बाहेरचं औषध चालत नाही म्हणाले. मग आतून देता का विचारलं तर म्हणे डॉक्टर बघतील.

मागच्या मंगळवारी मुलाखतीला गेले तर डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालेलं आणि उजव्या हाताची दोन बोटं सुजून टम्म. काचेपलीकडून फोनवर बोलणं, मागे शिपाई उभा. विचारलं काय झालं तर म्हणाला न्हाणीत घसरलो. घसरून डोळ्याखाली कसं लागतं हो? आणि उठताना हळूच म्हणाला, ताई या महिन्याला मनी ऑर्डर दोन हजार जास्त कर. हा पोरगा कधी बिडी पण ओढत नाही, त्याला दोन हजार जास्त कशाला हवेत?

बाहेर येऊन तिथल्या साहेबांना विचारलं. ते अगदी शांतपणे म्हणाले, बाई आत पोरं पोरं भांडतात, आम्ही कोणाकोणाच्या मागे फिरणार, आमच्या माणसानं हात लावला असेल तर सांगा.

माझा प्रश्न एवढाच आहे. आमच्या माणसानं मारलं नाही म्हटलं की यांची जबाबदारी संपते का? दुसऱ्या कैद्यानं मारलं किंवा गोळी न मिळून त्याला काही झालं तर कोण उत्तर देणार? तक्रार करावी तर आत त्याला अजून त्रास होईल ही भीती. आई रोज विचारते पोरगा जेवला असेल का. तिला डोळ्याचं सांगितलेलं नाही.

---

रोखठोक_७७

ताई राग मानू नका पण जेल म्हणजे काय सासुरवाडी नाय. आत गेला म्हंजे काहीतरी केलंच असेल. आमच्या टॅक्सच्या पैशावर जेवतात वर सुरक्षा पण पाहिजे. बाहेर शेतकरी मरतोय त्याची जबाबदारी कोण घेतंय?

---

अंबरनाथची_सुमन

रोखठोक भाऊ, तुमच्या घरचं कोणी आत गेलं नाही म्हणून सुचतंय हे. माझे मिस्टर १४ महिने आत होते आणि शेवटी निर्दोष सुटले. ते १४ महिने कोणत्या टॅक्समधून परत देणार आहात?

ताई, मी तुमच्या जागी होते म्हणून सांगते. आधी त्या दोन हजाराचं. बरॅकमध्ये जुने लोक असतात, त्यातला एखादा दादा असतो, नवीन आलेल्याला झोपायला जागा कुठे मिळणार, संडासाच्या दाराजवळ की पंख्याखाली, ते तो ठरवतो. पैसे नाहीत तर त्याचे कपडे धुवायचे, भांडी घासायची, पाय चेपायचे. नाही म्हटलं की न्हाणीत घसरणं होतं. आमच्या यांचा पण असाच पाय घसरला होता दोनदा. मी पैसे पाठवले, खोटं कशाला बोलू. पाठवले तर महिनाभर शांतता, मग आकडा वाढला. तुम्ही पाठवाल तर पाठवा, मी नावं ठेवणार नाही, पण त्यानं सुटका होत नाही एवढं सांगते.

आणि गोळ्यांचं आजच्या आज बघा, बाकी सगळं नंतर. मार बरा होतो. आमच्या बरॅकमधल्या (बघा, आमच्या म्हणायची सवय लागली) एका माणसाला रात्री फिट आली तेव्हा बाकीच्यांनी दार वाजवून वाजवून हात सुजवले, तेव्हा कुठे पाऊण तासानं कुलूप उघडलं. वाचला तो, पण नशिबानं.

---

निवृत्त_सुभेदार

मी कारागृह विभागात शिपाई म्हणून लागलो, सुभेदार म्हणून रिटायर झालो, तीसच्या वर वर्षं नोकरी, चार जेल पाह्यले. म्हणून दोन्ही बाजूचं लिहितो, कोणाला आवडो न आवडो.

सुमनताईंनी पाऊण तासाचं लिहिलं ते का होतं ते सांगतो. संध्याकाळी बंदी झाली, गिनती जुळली, टाळं लागलं की बरॅकच्या चाव्या जमा होतात. रात्री जो शिपाई फिरतीवर असतो त्याच्याकडे चावी नसते, आणि नसायलाच पाहिजे, कारण एकट्यानं दार उघडलं आणि आतल्या शंभर लोकांनी त्याला ओढलं तर? मग तो ओरडून किंवा वॉकीटॉकीवर सांगणार, ऑफिसर उठणार, चावी येणार, सोबत माणसं येणार, मग दार उघडणार. आता जिथे पन्नास माणसांच्या जागेत दीडशे झोपलेत आणि तीन बरॅकला एक शिपाई आहे तिथे काय होतं तुम्हीच बघा. मुंबईच्या आर्थर रोडचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, हजाराच्या आतली क्षमता आणि तीन हजारांच्या वर माणसं. कूस बदलायची तर सगळ्या रांगेनं एकदम बदलायची.

पण हे झालं आमचं रडगाणं. याच्यानं जबाबदारी जात नाही. मी नवीन पोरांना ट्रेनिंगला आले की एकच सांगायचो, बाबांनो गेटवर वॉरंट पाहून तुम्ही माणूस मोजून घेता ना, तर तो कोर्टाचा माल आहे, तुमच्याकडे ठेवायला दिलाय. मागितला तेव्हा जसा घेतला तसा परत द्यायचा. वाणी तरी पोत्याला उंदीर लागला तर म्हणतो का की उंदराला विचारा?

"पोरं पोरं भांडतात" हे वाक्य मीसुद्धा बोललोय, आता लाज वाटते. कोण दादागिरी करतो, कोण कोणाकडून पैसे घेतो हे सर्कलच्या, म्हणजे जेलमधल्या त्या विभागाच्या, हवालदाराला पहिल्या आठवड्यात कळतं. माहीत नसतं असं नसतं. उलट काही ठिकाणी तो दादा सोयीचा असतो, कारण तो बरॅक शांत ठेवतो. शंभर माणसं एका माणसाच्या भीतीनं गप बसत असतील तर शिपायाचं काम हलकं होतं. खरी मेख इथे आहे ताई.

गोळीचं असं आहे. बाहेरची औषधं थेट घेत नाहीत ते बरोबरच आहे, गोळीच्या पाकिटात काय काय येतं ते मी डोळ्यानं पाह्यलंय. पण परत पाठवणं चूक. पाहिजे होतं काय, की डॉक्टरचा जुना कागद, प्रिस्क्रिप्शन, असेल तर ईईजीचा (मेंदूच्या तपासणीचा) रिपोर्ट हे घेऊन जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्यायचं, तो स्वतःच्या स्टॉकमधून देतो किंवा तुमचं औषध तपासून घेतो. १८९४ चा इंग्रजाच्या काळातला कारागृहाचा कायदा घ्या, त्यात सुद्धा लिहिलंय की कैदी डॉक्टरला भेटायचं म्हणाला, किंवा तो नुसता आजारी दिसला, शरीरानं किंवा मनानं, तरी त्याच्यावर नेमलेल्या माणसानं ताबडतोब जेलरला कळवायचं. म्हणजे मागायची पण गरज नाही, दिसला तरी पुरे. सुजलेला डोळा दिसत नाही असा शिपाई अजून भरती व्हायचाय.

आणि आत घेताना डॉक्टरनं तपासून अंगावरच्या जखमा, खुणा, तब्येत हे सगळं रजिस्टरला चढवायचं असतं. तुमच्या भावाची अडीच महिन्यांपूर्वीची नोंद काढा. त्यात डोळ्याखाली काही नाही आणि आता आहे, तर ते जेलमध्येच झालं. एवढं साधं आहे.

---

रोखठोक_७७

सुभेदार साहेब तुम्हीच म्हणता स्टाफ कमी आहे, मग दोष शिपायाला कशाला? सरकारनं भरती करावी ना.

---

निवृत्त_सुभेदार

शिपायाला एकट्याला देतच नाहीये. शिपाई सस्पेंड करून विषय बंद करणं हाच तर आमच्या खात्याचा आवडता धंदा. पण कमी स्टाफ म्हणून रात्री दार उघडायला उशीर होतो हे मी समजू शकतो. कमी स्टाफ म्हणून सुजलेला डोळा रजिस्टरला चढत नाही, हे नाही समजू शकत. पेन उचलायला किती माणसं लागतात?

---

वकील_खंडपीठ

उशिरा वाचलं. मी फौजदारीत प्रॅक्टिस करते, जेलच्या केसेस बऱ्याच केल्यात. ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर एका ओळीत, नाही, जबाबदारी संपत नाही. आता जरा लांबून सांगते कारण गेटवरच्या साहेबांनी जे सांगितलं ते वाक्य सुप्रीम कोर्टात जाऊन आपटलेलं आहे.

आंध्रमधली केस आहे, चल्ला रामकृष्ण रेड्डी. १९७७ साली कोइलकुंटला नावाच्या गावातल्या सब-जेलमध्ये बाप आणि मुलगा दोघं एकाच कोठडीत होते. गावात वैर होतं, जिवाला धोका आहे हे आधी सांगितलेलं होतं, तरी बंदोबस्त वाढवला नाही. मे महिन्यात एका रात्री बाहेरून लोक घुसले आणि कोठडीवर बॉम्ब टाकले, बाप गेला, मुलगा जखमी होऊन वाचला. आता बघा, इथे जेलच्या माणसानं बोट पण लावलेलं नव्हतं, मारणारे तर कैदी सुद्धा नव्हते, बाहेरचे होते. सरकार म्हणालं कैदी ठेवणं हे सार्वभौम काम आहे, त्यात नुकसानभरपाई मागता येत नाही. २००० साली सुप्रीम कोर्टानं ते फेटाळलं, कैदी झाला म्हणून माणसाचा जगण्याचा हक्क जात नाही आणि निष्काळजीपणाचे पैसे सरकारला द्यावेच लागतील. १ लाख ४४ हजार आणि वर व्याज. तेवीस वर्षांनी मिळाले, तो भाग वेगळा.

त्याआधी १९९३ ची नीलाबती बेहेरा. ओडिशातला २२ वर्षांचा मुलगा, पोलिसांनी धरून नेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर प्रेत. आईनं सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, तेच पत्र याचिका म्हणून धरलं आणि दीड लाख द्यायला लावले. ती पोलीस कोठडीची केस आहे पण तत्त्व तेच, माणूस तुमच्या ताब्यात होता तर काय झालं ते तुम्ही सांगायचं, त्याच्या आईनं नाही.

आता महाराष्ट्रातलं. भायखळा महिला कारागृह, जून २०१७, मंजुळा शेट्ये. ती स्वतः जन्मठेपेची कैदी आणि बरॅकची वॉर्डन होती, म्हणजे जेलनंच तिच्यावर काम सोपवलेलं. दोन अंडी आणि पाच पाव हिशेबात कमी आले म्हणून मारलं असा आरोप आहे, त्यात ती गेली. सहा जणींना अटक झाली, सगळ्या जेलच्याच अधिकारी आणि कर्मचारी, खुनाचं कलम लागलं. हे बाहेर आलं कसं तर बरॅकमधल्या बायका दुसऱ्या दिवशी छतावर चढून ओरडल्या आणि काहींनी साक्ष दिली. नाहीतर ते पण न्हाणीतच गेलं असतं.

कैद्यानं कैद्याला मारलं त्याची पण उदाहरणं आहेत. येरवड्याच्या अंडा सेलमध्ये, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त पहारा असतो तिथे, २०१२ ला कतील सिद्दिकी नावाच्या कच्च्या कैद्याचा गळा आवळून खून झाला, बर्म्युडाच्या नाडीनं. खटला चालला आणि आरोपी सुटले. म्हणजे मारलं कोणी ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, पण माणूस सरकारच्या कुलपात मेला ही गोष्ट काही सुटली नाही ना. २०२४ च्या जूनमध्ये कोल्हापूरच्या कळंब्याला ९३ च्या बॉम्बस्फोटातल्या एका शिक्षाबंदीला आंघोळीच्या जागी इतर कैद्यांनी गटारावरचं लोखंडी झाकण डोक्यात घालून मारलं. ते झाकण कैद्याला हातानं उचलता येत होतं हा प्रश्न कोणाला विचारायचा, कैद्याला की जेलला?

रोखठोक यांच्यासाठी एक. हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल बॉम्बस्फोटवाला मेला तर मेला. कोर्टानं त्याला जी शिक्षा द्यायची ती दिली होती, डोक्यात झाकण ही शिक्षा त्यात लिहिलेली नव्हती.

आता ताई तुम्ही काय करायचं. मी क्रमानं लिहीत नाही, जे आधी होईल ते करा पण सगळं लेखी करा.

ज्या कोर्टानं त्याला आत पाठवलं त्याच कोर्टात वकिलाकडून अर्ज टाका, की आरोपीच्या अंगावर जखमा दिसल्या, त्याची सिव्हिल हॉस्पिटलला तपासणी करून रिपोर्ट मागवा, जेल अधीक्षकांकडून खुलासा मागवा, आणि आकडीचं औषध चालू असल्याची खात्री करा. सोबत जुने मेडिकल कागद जोडा. ह्या अर्जात "अमक्यानं मारलं" असं लिहू नका. भाऊ नाव घेत नाहीये तर तुम्ही पण घेऊ नका. फक्त जखमा आहेत आणि औषध नाही एवढंच लिहा, ते पुरेसं आहे. यानं त्याच्यावर रोष पण कमी येतो, कारण तक्रार कोणा एकाविरुद्ध राहत नाही.

तेच पत्र अधीक्षकांना रजिस्टर एडीनं आणि ईमेलनं. पोचपावती जपून ठेवा, तिचं महत्त्व नंतर कळेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, त्यांचे वकील जेलला भेट देतात आणि ते एकटे भेटू शकतात, मुलाखतीत शिपाई मागे असतो तसं नाही. आणि जिल्हा न्यायाधीश हे जेलचे अधिकृत अभ्यागत असतात, त्यांना जेल बघायचा अधिकार असतो. सुनील बत्राच्या केसमध्ये, म्हणजे तिहारच्या एका कैद्यानं कोर्टाला पत्र लिहिलं होतं की दुसऱ्या कैद्याला पैशासाठी हाणलं जातंय (बघा, गोष्ट तीच, ४५ वर्षं झाली), तेव्हा सुप्रीम कोर्टानं जेलमध्ये तक्रारपेट्या ठेवायला सांगितल्या आणि त्या न्यायाधीशांच्या ताब्यात. पेटी असते बहुतेक ठिकाणी. कैदी तिच्यात कागद टाकताना कोण बघत असतं हा प्रश्न सुभेदार साहेबांनी सोडवावा.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे पण जाता येतं, घटनेपासून एक वर्षाच्या आत. पण तुमचं काम आठवड्यातलं आहे, आयोगाचं वर्षांतलं. म्हणून आधी कोर्ट.

आणि अडीच महिने म्हणालात ना? ९० दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामिनाचा हक्क आपोआप तयार होतो, पण अर्ज करावा लागतो, तो घरी चालून येत नाही. तुमचे वकील दिवस मोजतायत का? आज रात्रीच विचारा.

---

निवृत्त_सुभेदार

पेटीवर कॅमेरा असतो मॅडम. काही ठिकाणी सुरक्षेसाठी म्हणून बरोबर पेटीकडंच तोंड केलेला. अजून काय सांगू.

एक भर घालतो. ताई कोर्टात "भावाला वेगळं ठेवा" असं मागू नका घाईघाईत. वेगळं ठेवणं म्हणजे सेपरेटला टाकणं, एकटा, चोवीस तासांत थोडाच वेळ बाहेर. आकडीच्या पेशंटला एकट्याला खोलीत ठेवणं म्हणजे विषाची परीक्षा. फिट आली तर दार वाजवणारा पण कोणी नाही. "बरॅक बदला, माणसांतच ठेवा, खालच्या मजल्यावर ठेवा" असं मागा.

आणि सिव्हिलला न्यायचं म्हटलं की जेल म्हणतं पोलीस गार्ड मिळाला नाही. ते बहाणा पण असतो आणि खरं पण असतं. कैद्याला बाहेर नेणारे पोलीस जेलचे नसतात, जिल्हा मुख्यालयाचे असतात, आणि गावात मंत्री आला, गणपती आले, मॅच आली की गार्ड तिकडे. मी अपेंडिक्सचा माणूस गार्डची वाट बघत दिवसभर कण्हताना पाह्यलाय. कोर्टाचा आदेश हातात असला की गार्ड मिळतो.

---

मराठवाडा_एक्सप्रेस

परभणीचं कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. डिसेंबर २०२४, सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचं शिक्षण घेणारा पोरगा. पोलीस कोठडीतून १४ तारखेला न्यायालयीन कोठडीत गेला, १५ ला मेला. आधी सांगितलं छातीत दुखलं. पोस्टमार्टममध्ये अंगावर अनेक जखमा आणि त्याच्या धक्क्यानं मृत्यू असं आलं. आईनं हायकोर्टात धाव घेतली, जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवा म्हणून आदेश दिला, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथं पण आदेश कायम राहिला.

माझा मुद्दा सुभेदारांच्या त्या रजिस्टरचा आहे. पोलीस कोठडीतून जेलमध्ये येतानाच डॉक्टरनं अंग बघून लिहायचं असतं ना? मग असा माणूस आला तर जेलचा डॉक्टर काय लिहितो? का नुसतं "तब्येत बरी" लिहून आत घेतो?

---

निवृत्त_सुभेदार

त्या केसमध्ये काय लिहिलं ते मला माहीत नाही, तपास चालू असेल, बोलणार नाही. माझ्या नोकरीतलं सांगतो. शहाणा जेलर असेल तर जखमी माणूस गेटवरच अडवतो, पोलिसांना म्हणतो आधी सिव्हिलला न्या, कागद आणा, मग घेतो. ते दयेपोटी नाही, स्वतःची मान वाचवायला. आणि आम्हाला तेच हवंय, मान वाचवायला का होईना, नोंद झाली पाहिजे. संध्याकाळी सातला दहा-बारा नवीन एकदम आले की डॉक्टर गेलेला असतो, कंपाउंडर एकेकाला शर्ट वर कर म्हणतो, पाठ बघितली न बघितली, पुढं चल. तिथंच सगळं नासतं.

---

वकील_खंडपीठ

आणि मृत्यू झालाच तर काय होतं ते पण लिहून ठेवते, कोणाला लागू नये पण माहीत असावं. २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावं लागतं, हा नियम १९९३ पासून आहे. पोलिसांच्या चौकशीशिवाय न्यायदंडाधिकाऱ्यांनी वेगळी चौकशी करायची, पूर्वी सीआरपीसीचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं) १७६ (१अ) होतं, आता बीएनएसएसचं (त्याच्या जागी आलेल्या नवीन कायद्याचं) १९६, आणि ते पोलीस कोठडीपुरतं नाही, जेलला पण लागू आहे. पोस्टमार्टमचं शूटिंग करायचं. घरच्यांना चौकशीत हजर राहायचा हक्क आहे. हे घरच्यांना कोणी सांगत नाही, उलट लवकर घेऊन जा, अंधार पडायच्या आत उरका, असं होतं.

पैशाचं, एप्रिल २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं धोरण मंजूर केलं. कामावर अपघात, उपचारात हयगय, कर्मचाऱ्याची मारहाण किंवा कैद्यांतली मारामारी यात गेला आणि प्रशासनाची चूक दिसली तर ५ लाख, आत्महत्येत १ लाख. म्हाताऱ्या वयानं किंवा लांबलेल्या आजारानं गेला तर काही नाही. ताई, तुम्हाला गेटवर जे म्हणाले "पोरं पोरं भांडतात", ते भांडण सरकारनंच या यादीत घातलंय. हे त्या साहेबांना छापून द्या.

आता खरी गंमत बघा. त्या १८९४ च्या कायद्यात कर्तव्यात कसूर करणाऱ्या जेल कर्मचाऱ्याला शिक्षा आहे. दंड किती, तर जास्तीत जास्त २०० रुपये. किंवा तीन महिने. १८९४ साली २०० रुपये म्हणजे शिपायाचा कित्येक महिन्यांचा पगार असेल. आज कॅन्टीनमध्ये चहा-बिस्किटाला पुरतील.

---

सोलापूरकर_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा.

वकील मॅडमनी सांगितलं तसा अर्ज दिला. आमचे वकील आधी म्हणाले कशाला वाकडं घेताय, मी त्यांना सुभेदार काकांचं रजिस्टरचं वाचून दाखवलं, मग तयार झाले. कोर्टानं सिव्हिलला तपासणीचा आदेश दिला. गार्ड नाही म्हणून दोन दिवस गेलेच, तिसऱ्या दिवशी नेलं. एका बोटाचं हाड मोडलेलं निघालं. एवढे दिवस मोडलेल्या बोटानं जेवत होता.

आत घेतानाच्या नोंदीत जखम काही नाही लिहिलेलं, आणि त्याच्याखाली आकडीचं औषध चालू असल्याचं त्यानं स्वतः सांगितलेलं होतं ते पण लिहिलेलं आहे! म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गेटवर मला सांगतात डॉक्टर बघतील. आता गोळी चालू केलीय, रोज सकाळी समोर उभं करून खायला लावतात म्हणाला. बरॅक बदलली, खालच्या मजल्यावर. मी वेगळं ठेवा म्हणणारच होते अर्जात, काका तुम्ही लिहिलं नसतं तर चूक झाली असती.

चार्जशीट ८८ व्या दिवशी आली. दोन दिवस. जाऊ दे.

मारलं कोणी ते अजून सांगत नाही. मी पण विचारणं सोडलं. खुलाशात जेलनं लिहून दिलंय की बंदी न्हाणीघरात घसरून पडला.

---

अंबरनाथची_सुमन

गोळी चालू झाली हे वाचून बरं वाटलं गं. मनी ऑर्डर परत मागतोय का?

---

सोलापूरकर_ताई

नाही. यावेळी म्हणाला शेंगदाणा चटणी चालते का गेटवर विचार.

---

निवृत्त_सुभेदार

नाय चालत. घरचं खाणं कोर्टाच्या ऑर्डरशिवाय घेत नाहीत. पण कॅन्टीनला फरसाण मिळतं.

खुलाशाची प्रत घेतली का? नसेल तर सर्टिफाइड कॉपीचा अर्ज आजच द्या. न्हाणीत घसरला असं लिहून दिलंय ना, मग त्या दिवशीच्या हॉस्पिटल रजिस्टरला घसरल्याची नोंद असायला पाहिजे आणि तेव्हाच बोटाचा एक्स-रे काढायला पाहिजे होता. ती नोंद मागा. नसणार आहे.